वाकडा ओटा

केकवालीच्या घरात गोल वस्तू मोकळी ठेवायची सोय नव्हती. टेबलावर लिंबू ठेवलं तर ते क्षणभर विचार करायचं, मग हळूच निघायचं आणि खाली पडून थेट मागच्या भिंतीशी जाऊन थांबायचं. पेन्सिल, बाटलीचं टोपण, औषधाची गोळी, काहीही हरवलं की घरातलं माणूस पहिल्यांदा मागच्या भिंतीशीच ओणवं व्हायचं. पण घर कललंय असं म्हणायची कोणाची टाप नव्हती, कारण घर अप्पांनी बांधलं होतं.

अप्पा म्हणजे केकवालीचे वडील. उभा जन्म गवंडीकामात गेलेला. गल्लीतली निम्मी घरं त्यांच्या हातची, आणि स्वतःच्या घरात तर त्यांनी कंबरेच्या उंचीवर सगळ्या खोल्यांतून फिरणारी एक काळी पट्टी रंगवून घेतली होती. ती दारातून निघायची, स्वयंपाकघर, मधली खोली, निजायची खोली असं करत परत दारात यायची आणि जिथून निघाली तिथेच स्वतःला बरोब्बर भेटायची. "बघा," अप्पा पाहुण्यांना म्हणायचे, "केसाचा फरक नाही." पाहुणे माना डोलवायचे. आपल्या कपातला चहा एकाच काठाला का चढलाय, हे विचारायचं सभ्य माणसाच्या जिवावर येतं.

अप्पांची पाणसळ दारामागच्या खिळ्यावर टांगलेली असायची. पाणसळ म्हणजे ती लाकडी पट्टी, जिच्या काचेतला बुडबुडा मधोमध आला की काम सपाट. ती कित्येक वर्षांत खिळ्यावरून उतरली नव्हती. कोणी हात लावायला गेलंच तर अप्पा म्हणायचे, "जे बरोबर आहे ते मोजायचं कशाला?" आणि दुसऱ्याची पाणसळ घरात आणायची तर बंदीच होती. तो अपमान ठरला असता.

मग आई आपली पुठ्ठे घालायची. कपाटाच्या पायाखाली, पलंगाच्या पायाखाली, शिवणयंत्राखाली. "उंदरांसाठी घातलेत," म्हणायची. पुठ्ठ्याला उंदीर कसे भितात, हा प्रश्न अप्पांना कधी पडला नाही.

केकवालीचं मात्र पुठ्ठ्यांनी भागेना. तिचे केक एका अंगाला फुगायचे आणि एका अंगाला बसायचे. अर्धे भाजून झाले की ती डबा फिरवायची, आणि तरी उरलेला उतार क्रीमनं भरून काढायची. "तुमच्या केकला एका बाजूला क्रीम फार सढळ असतं हो," गिऱ्हाइकं म्हणायची. "खास पद्धत आहे आमची," ती म्हणायची. क्रीम आणि थाप दोन्ही थापताना तिचा हात सारखाच सढळ चालायचा. पण हे सगळं बसक्या केकांपुरतं. एकदा मावसबहिणीच्या वाढदिवसाला तिनं हौसेनं दुमजली केक केला होता. रचला, पाठ वळवली, तेवढ्यात वरचा मजला खालच्याला सोडून चालता झाला. मावसबहीण अजून भेटली की विचारते, "काय गं, आज कोण कुठं निघालंय?"

आणि आता चौकातल्या हॉलच्या मॅनेजरबाईंनी तिला तीनमजली केक सांगितला होता. हॉलच्या वर्धापनदिनाचा. तो उभा राहिला तर हॉलमधल्या सगळ्या समारंभांचे केक यापुढे तिच्याकडे. आणि आडवा झाला तर? "तर आमचं मोठ्या बेकरीशी बोलणं चालूच आहे," बाई गोड हसून म्हणाल्या होत्या. केकवालीनं त्याच दिवशी सुताराला निरोप धाडला. डुगडुगणारं टेबल काढायचं आणि दारापासून मागच्या भिंतीतल्या खिडकीपर्यंत पक्का, सपाट ओटा करून घ्यायचा.

"तीन मजले?" अप्पांनी विचारलं. "आणि पाया कशाचा?"

"स्पंजचा."

"मग पडणार."

"ओटा सपाट असला की नाही पडणार, अप्पा."

"सपाटाची काळजी तू करू नकोस. सुतारा, पट्टीखाली एक वीत धर आणि ठोक. डोळे मिटून ठोक."

सुतार कानामागची पेन्सिल काढून पट्टीकडे बघत राहिला. डोळे मिटून ठोकणाऱ्यातला तो नव्हता, पण अप्पांसमोर डोळे उघडे आहेत हे दाखवणाऱ्यातलाही नव्हता.

तेवढ्यात जावईबापू म्हणाले, "थांबा. मी लेझर आणतो."

जावईबापू म्हणजे केकवालीचे यजमान. लग्नानंतर वर्षभरात ते सामानासकट याच घरात राहायला आले होते, पण 'घरजावई' हा शब्द घरात कोणी उच्चारत नसे. सगळे तो मनातल्या मनात उच्चारत, त्यामुळे तो फार मोठ्यानं ऐकू येई. बांधकामाची यंत्रं विकणाऱ्या दुकानात ते विक्रेते होते. घरात एक खिळा ठोकायचा तर आधी अप्पांना विचारायचं, आणि अप्पांनी "तिथं नको" म्हणायचं, असा त्या दोघांचा संसार चालला होता. लेझरच्या मागे उभं राहिलं की मात्र जावईबापूंची छाती दोन इंच पुढे येई. आरशासमोर उभं राहून ते रोज भाषण म्हणायचे, आणि केकवालीला ते ऐकून ऐकून पाठ झालं होतं: "या यंत्राच्या पोटात एक लंबक आहे. तो मोकळा सोडला की आपोआप सरळ लोंबतो आणि भिंतीवर पडणारी रेष अगदी सपाट. वाहतुकीत लंबकाला धक्का लागू नये म्हणून या बटणानं तो बांधून ठेवायचा. बांधलेला असताना रेष पडते, पण ती यंत्र जसं उभं असेल तशी पडते, तेवढं लक्षात ठेवा."

आता खरी गंमत अशी की हे शेवटचं वाक्य दुकानात गिऱ्हाइकांसमोर गाळलं जायचं. दुकानात माणसं ये-जा करतात, जमीन हलते, मोकळ्या लंबकाची रेष थरथरते, आणि थरथरणारी रेष विकली जात नाही. म्हणून मालकांची सक्त ताकीद होती की दाखवताना लंबक बांधूनच दाखवायचा. जावईबापूंनी शेकडो माणसांना ती ठाम, तांबडी, निश्चल रेष दाखवली होती. हळूहळू त्यांचाही समज झाला होता की अचूकपणा म्हणजे न हलणं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी पेटी आली. जावईबापूंनी स्वयंपाकघराचे पडदे ओढले. तीन पायांचा स्टँड दारापाशी उघडून तिन्ही पाय सारखे ओढले, दुकानात ओढतात तसे. त्यावर यंत्र बसवून ते पट्टीच्या उंचीला आणलं आणि चष्मा पुसला.

"अप्पा, जरा मागे व्हा. डोळ्यांत जाईल."

"माझ्या डोळ्यांत आजवर कोणी काही घालू शकलं नाही," अप्पा म्हणाले आणि मुद्दाम पुढे आले.

घरचा मामला म्हणून असेल किंवा भाषण तोंडात बसलं होतं म्हणून असेल, जावईबापूंनी लंबक मोकळा केला. बटण दाबलं. भिंतीवर तांबडी रेष उमटली आणि तिला कापरं भरलं. भरणारच. अप्पा येरझारा घालत होते, आणि अप्पांची टाच म्हणजे जमीन चोपायचा धुम्मस.

"तुमच्या यंत्राला हुडहुडी भरलीय का हो?"

"नाजूक असतं ते, अप्पा. फार अचूक असतं ना."

"अचूक माणूस थरथरत नाही. मी कधी थरथरलोय?" असं म्हणून अप्पांनी आणखी एक टाच आपटली.

सुताराला खोकला आला. जावईबापूंचे कान रेषेसारखे तांबडे झाले. सगळे त्या थरथरण्याकडे बघत होते. एकटी केकवाली रेष कुठे चाललीय ते बघत होती. दारापाशी ती काळ्या पट्टीवर होती. तिथून ती जी सुटली, ती पट्टीला मागे टाकत टाकत खिडकीपर्यंत पोचली तेव्हा पट्टीच्या चार बोटं वर होती. किंवा पट्टी तिच्या चार बोटं खाली.

"अहो, खिडकीपाशी बघा, ती रेष..."

"थांब गं, आधी तिला स्थिर होऊ दे," जावईबापू म्हणाले, आणि त्यांच्या अंगठ्यानं दुकानातली सवय केली. खट्. लंबक बांधला गेला.

रेष दगडासारखी थांबली. आणि काय सांगावं! तांबडी रेष दारापासून खिडकीपर्यंत काळ्या पट्टीवर अशी जाऊन निजली की पट्टी दिसेनाशी झाली. निजणारच होती. जमीन जशी कललेली तसाच तिच्यावरचा स्टँड कललेला, आणि तशीच अप्पांची पट्टी. तिघं एकाच बाजूला मान टाकून उभे होते आणि एकमेकांना सरळ दिसत होते.

अप्पांनी त्या रेषेवरून बोट फिरवत नेलं.

"केसाचा फरक नाही," अप्पा अगदी हळू म्हणाले.

"तंतोतंत!" जावईबापूंचा आवाज चिरकला. "हातानं मारलेली पट्टी आणि लेझर, तंतोतंत! अप्पा, यंत्र खोटं बोलत नाही."

"मी कुठं म्हणालो बोलतं म्हणून? गुणी आहे यंत्र. दिसतंच की." अप्पांनी यंत्राच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि तोच हात पुढे जावईबापूंच्या खांद्यावर ठेवला. एवढ्या वर्षांत तो हात त्या खांद्यावर पहिल्यांदाच पडत होता. जावईबापूंना काय करावं ते कळेना. त्यांनी चष्मा परत पुसला.

"अप्पा, एक मिनिट," केकवाली म्हणाली. "अहो, ते बटण... लंबक बांधलेला असला की रेष यंत्र जसं उभं असेल..."

"तू केकचं बघ," दोघं एका सुरात म्हणाले.

दोघांचं एकमत झालेलं ती लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होती, आणि झालं ते तिला गप्प करण्यावर. सासरे-जावई खांद्याला खांदा लावून कोपऱ्यावर चहा प्यायला गेले. जाताना अप्पा म्हणत होते, "तुमच्या मालकांना बोलवा एकदा घरी. म्हणावं, या, पट्टी बघून जा."

घर शांत झालं. सुतार पेन्सिलीला टोक काढत बसला होता.

"ताई, मग कुठली रेष धरू?"

केकवाली यंत्रापाशी गेली आणि बटण मागे ओढलं. खट्. रेष दचकली, झोपाळ्यासारखी खालीवर झाली आणि हळूहळू थांबली. पाय आपटणारं कोणी घरात नसलं की तीही शहाण्यासारखी थांबते. दारापाशी पट्टी आणि रेष अजून एकमेकींना धरून होत्या, खिडकीपाशी त्यांच्यात चार बोटांचं अंतर होतं. लिंबांना, पेन्सिलींना आणि मावसबहिणीच्या केकला जे कळलं होतं, ते आता भिंतीवर तांबड्या अक्षरात लिहिल्यासारखं दिसत होतं.

"मी काही बघितलं नाही हं," सुतार म्हणाला. "मला अप्पांच्या ओळखीनंच कामं मिळतात."

मागून आई हात पुसत आली. तिनं रेष बघितली, पट्टी बघितली, आणि पदार्थात मीठ कमी पडलंय हे कळल्यावर व्हावा एवढाच तिचा चेहरा झाला.

"चार बोटं झालं का आता?" ती म्हणाली. "मागे मी बघितलं तेव्हा दोन होतं."

"आई! तुला माहीत होतं?"

"पुठ्ठे काय मी हौसेनं घालते? बांधलं तेव्हा सरळच होतं गं. मग मागची बाजू बसली. बसतात. माणसं नाही का बसत?"

"मग सांगितलं का नाहीस अप्पांना?"

"सांगितलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी पाडून परत बांधायला काढलं असतं. मला तुम्हाला वाढवायचं होतं की आयुष्यभर विटा मोजत बसायचं होतं?" आईनं खिडकीखालचं एक लिंबू सवयीनं उचलून वाटीत टाकलं. "आणि आता तर काय, उभं राहिलं की गुडघे कापतात त्यांचे. म्हणून एवढ्या टाचा आपटतात. पट्टी तेवढी उरलीय."

खरं सांगायचं तर केकवालीच्या जिभेवर सगळं तयार होतं. दोघांना चहावरून परत बोलवायचं, बटण त्यांच्या नाकासमोर मागे ओढायचं, आणि म्हणायचं, बघा, मी केकचंच बघत होते. त्या दृश्याची चव तिनं क्षणभर घेतलीसुद्धा, फार गोड लागली. पण पुढचंही तिला दिसत होतं. अप्पा कुदळ मागणार, जावईबापू मानहानीनं दुकानाला रजा टाकणार, जमीन उखडली जाणार, आणि त्या सगळ्या ढिगाऱ्यावर ओटा काही होणार नाही. मॅनेजरबाई गोड हसून मोठ्या बेकरीला फोन लावणार. गप्प राहून पट्टीप्रमाणे ओटा करून घ्यावा तर केकचा वरचा मजला पुन्हा चालता होणार.

"सुतारदादा," ती म्हणाली, "आत्ताच्या आत्ता या रेषेवर बारीक खुणा करा. बारीक म्हणजे अप्पांना चष्म्यातून दिसणार नाहीत एवढ्या."

सुतारानं न बघता खुणा केल्या. फार अचूक केल्या. मग तिनं बटण पुढे लोटलं, खट्, आणि रेष पुन्हा जाऊन पट्टीवर निजली.

दोघं परत आले ते हसतच. केकवालीनं चेहरा जमेल तेवढा बावळट केला.

"अप्पा, ओट्याला खिडकीकडे जरा चढ हवाय मला."

"काय हवाय?"

"चढ. दाराकडे पट्टीखाली एक वीत, आणि खिडकीकडे त्याहून चार बोटं वर. क्रीम कसं, ओघळून माझ्याकडे यायला हवं."

अप्पांनी तिच्याकडे असं बघितलं, जसं मुलगी नापास झाल्यावरसुद्धा बघितलं नव्हतं. "मी जन्मभर सरळ काम केलं, आणि माझ्या पोटची पोर माझ्याच घरात वाकडा ओटा मागतेय. तेही लेझर लावल्यावर!"

"असू दे, अप्पा," जावईबापू दिलदारपणे म्हणाले. आज त्यांना दिलदारी परवडत होती. "बायकांचं गणित वेगळं असतं. तिची हौस आहे, होऊ दे वाकडा."

"सुतारा, ऐकलंस? कोणी विचारलं तर सांग, ओटा अप्पांनी करवला नाही."

"सांगतो, अप्पा," सुतार म्हणाला. त्यानं खाली मान घालून करवत उचलली, ती मान काम संपेपर्यंत वर आली नाही. खांदे मात्र मधूनमधून हलत होते.

ओटा झाला. घरातली एकमेव सपाट वस्तू. घरात तिला सगळे 'वाकडा ओटा' म्हणू लागले. "वाकड्या ओट्यावरची किल्ली दे", "वाकडा ओटा पुसला का". मावसबहीण तो खास बघायला आली आणि म्हणाली, "अगं, सरळ करायला यंत्र घरात असताना?" केकवाली हसली. त्या ओट्यावर तिनं एक लिंबू ठेवून बघितलं. ते विचार करत राहिलं आणि तिथेच बसलं. ते बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणजे लिंबाकडे बघून रडणारी ती घरातली पहिलीच बाई असावी. भट्टीसुद्धा तिनं त्याच ओट्यावर चढवली, आणि मग डबे फिरवायचं काम संपलं.

तीनमजली केक उभा राहिला तेव्हा अप्पा आणि जावईबापू स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबले. दोघांनी माना एकाच बाजूला कलत्या केल्या.

"कललाय," अप्पा म्हणाले.

"दारच्या अंगाला," जावईबापू म्हणाले. "पट्टीशी ताडून बघा, लगेच कळतं."

"वाकड्या ओट्यावर दुसरं काय होणार? मी आधीच म्हणालो होतो."

केकमागच्या भिंतीवर ती काळी पट्टी तिरकी उतरत होती, आणि तिच्यापुढे केक खरोखरच दारू प्यायल्यासारखा दिसत होता. क्षणभर केकवालीलाही तो कललेलाच वाटला. इतकी वर्षं पट्टी बघितलेल्या डोळ्यांवर भरवसा किती ठेवायचा? तिनं डोळे मिटून तळहात ओट्यावर सपाट टेकवला आणि तसाच ठेवून उभी राहिली. मग हॉलची माणसं आली, त्यांनी केक उचलला आणि नेला.

संध्याकाळी मॅनेजरबाईंचा फोन आला. केकवालीनं तो मुद्दाम सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"अहो, काय उभा होता तुमचा केक! कापवेना कोणाला. फोटोग्राफर म्हणाला, भिंतीपेक्षा सरळ आहे. बरं ऐका, पुढच्या सगळ्या समारंभांचं तुम्हीच बघायचं. बेकरीला मी नाही म्हणून कळवलंय."

फोन ठेवला. आई उगाचच टेबलावरचं फडकं झटकायला लागली. अप्पा आणि जावईबापू एकमेकांकडे बघत होते.

"सरळ दिसला म्हणतात," जावईबापू म्हणाले.

"इथं कललेला होता. तुम्ही बघितलात, मी बघितला."

"मग तिथं सरळ कसा दिसेल?"

अप्पा विचारात पडले. त्यांच्या कपाळावर एकेक आठी चढत गेली आणि मग सगळ्या एकदम उतरल्या. "साधं आहे," ते म्हणाले. "हॉलच वाकडा आहे."

"अगदी! जमीन कललेली असणार!"

"कोणी बांधलाय कोण जाणे. एवढी माणसं जमतात तिथं, धोका आहे. बापू, उचला ते यंत्र. चला, आत्ता जाऊन मोजून येऊ. त्या बाईंना दाखवूच."

सासरे उठले, जावई उठले. एवढ्या वर्षांत घरात अशी एकजूट कधी दिसली नव्हती. जावईबापूंनी पेटी उघडली, यंत्र काढलं, बटण दाबलं. पुन्हा दाबलं. यंत्र उलटं करून बघितलं.

"अगं, यातले सेल कुठं गेले?"

केकवाली वाकड्या ओट्यापाशी उभी राहून पुढच्या केकची साखर तोलत होती. वजनकाट्यावरचे आकडे कसे लख्ख उजळले होते.

"माझा काटा बंद पडला होता," ती मान वर न करता म्हणाली. "मी केकचं बघत होते."